आधी वाक्य, मग नियम: प्राथमिकच्या मुलांचं इंग्रजी व्याकरण आणि अलंकार घरी कसे घ्यावेत

'नाउन म्हणजे काय?' असं विचारलं की तिसरीतलं मूल व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतं. 'काल काय खाल्लंस ते इंग्रजीत सांग' म्हटलं की तेच मूल गप्प होतं. सोलापुरात हे मराठी माध्यमात दिसतं, सेमीत दिसतं आणि फी भरून घातलेल्या इंग्रजी माध्यमातही दिसतं. बहुतेक घरांत अभ्यास पुरेसा होतो, पण उलट्या क्रमाने होतो. आधी व्याख्या, मग बारा काळांचा तक्ता, मग 'सिमिली, मेटाफर'ची यादी आणि स्वतःचं वाक्य सर्वांत शेवटी. खालचा क्रम याच्या नेमका उलट आहे. मूल आधी वाक्य तोंडाने म्हणतं, मग कार्डांनी मांडतं, मग लिहितं. नियमाचं नाव त्यानंतर कळलं तरी चालतं.

पहिली-दुसरीच्या मुलांनी टप्पा १ ते ३ फक्त तोंडी करावेत. तिसरीला टप्पा ५ पर्यंत जाता येतं, अलंकार चौथी-पाचवीत येतात. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत, म्हणजे घरात इंग्रजी न वाचणारी आई किंवा आजीही मुलाकडून ती म्हणवून घेऊ शकेल. मुलाने मात्र वहीत ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

## सुरू करण्यापूर्वी: तयारी

साहित्य. एक चार रेघी वही (तिसरीपासून एकरेघी चालेल), चुकांसाठी वेगळी शंभर पानी वही, चार रंगांची स्केचपेनं आणि साठेक कार्डं. कार्डं विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे साधारण तीन इंच बाय दोन इंच कापा, कोरी बाजू वापरा. रंग एकदाच ठरवा आणि वर्षभर बदलू नका: नाम आणि सर्वनाम निळ्याने, क्रियापद लाल, विशेषण हिरवं, बाकीचे छोटे शब्द काळ्याने. मूल चुकतं तेव्हा लाल कार्ड नको त्या जागी पडलेलं लगेच दिसतं. समजावण्यातली निम्मी मेहनत इथेच वाचते.

शाळेचं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, मागच्या इयत्तेचं पुस्तकही उतरवून घ्या. पाचवीतल्या मुलाला व्याकरणासाठी तिसरीचे धडे द्यायला कमीपणा मानू नका. शब्द ओळखीचे असले की सगळं लक्ष रचनेवर राहतं.

वेळ. रोज २५ मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. पाच मिनिटं ऐकणं-म्हणणं, दहा मिनिटं कार्डं, सात मिनिटं लिखाण, शेवटची तीन मिनिटं मोठ्याने वाचन. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरात कोणालाच बसायला सवड नसते. त्या दिवशी वही उघडू नका, भांडी भरता भरता तोंडी दहा वाक्यं घ्या. विड्या वळणाऱ्या आईचे हात कामात असतात, पण कान मोकळे असतात. तोंडी भाग अशा वेळी उत्तम होतो.

पूर्वतपासणी. मुलाला हे मराठी वाक्य द्या: 'आजोबा सकाळी चहा पितात.' कोण पितं? काय पितात? कोणती क्रिया आहे? ही तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर पुढे जा. नाही आली तर आठवडाभर फक्त मराठी वाक्यांतले कर्ता, कर्म, क्रियापद ओळखून घ्या. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असाल तर हेच त्या भाषेत करा. चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं, शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर लागतं आणि 'अ, ॲन, द' सारखे शब्द नसतात. म्हणून या चारही घरांतली मुलं इंग्रजीत जवळजवळ सारख्याच ठिकाणी अडकतात.

## टप्पा १: वाक्याचा साचा

१. तीन कार्डं करा: 'आई', 'भाकरी', 'करते'. मुलाला मराठी क्रमाने मांडू द्या.

२. आता लाल कार्ड उचलून मधे ठेवा: 'आई – करते – भाकरी'. हे इंग्रजीचं घर, असं सांगा.

३. त्याच जागी इंग्रजी कार्डं ठेवा: 'मदर – मेक्स – भाकरी'. भाकरीला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, नाम तसंच राहू द्या. या टप्प्यात साचा शिकायचा आहे, शब्दसंग्रह नव्हे.

४. घरातली दहा वाक्यं अशीच करा: 'बाबा ड्राइव्ह्ज अ रिक्षा', 'ताई वॉशेस द प्लेट्स', 'आजी टेल्स अ स्टोरी'.

सावध: मराठी क्रम ते इंग्रजी क्रम हा पूल तीन-चार दिवसांपुरताच वापरा. त्यानंतर थेट इंग्रजी कार्डंच मांडायची. पूल लांबला तर मूल कायम मनात मराठी वाक्य बनवून ते उलटं करत बसतं आणि बोलण्याचा वेग येत नाही.

तपासा: दहापैकी आठ वाक्यांत क्रियापद दुसऱ्या जागी आलं की पुढे.

## टप्पा २: 'आहे' चा घोळ

सर्वांत जास्त चुका इथे होतात, त्यामुळे या टप्प्याला इतरांच्या दुप्पट वेळ द्या. शाळेत पहिल्या आठवड्यात 'इज म्हणजे आहे' असं पाठ झालेलं असतं आणि मग 'आय ॲम गो टु स्कूल', 'माय ब्रदर इज प्ले क्रिकेट' अशी वाक्यं येत राहतात. मराठीत एकच 'आहे' पाच वेगळी कामं करतो. इंग्रजी त्या प्रत्येक कामाला वेगळी रचना वापरते. एका पुठ्ठ्यावर हे पाच कप्पे आखा:

- कोण किंवा कसा: 'मीना हुशार आहे' – 'मीना इज क्लेव्हर.'
- कुठे: 'मांजर पलंगाखाली आहे' – 'द कॅट इज अंडर द बेड.'
- आत्ता चालू असलेली क्रिया: 'दादा जेवत आहे' – 'दादा इज ईटिंग.'
- जवळ असणं, नातं असणं: 'मला दोन बहिणी आहेत' – 'आय हॅव टू सिस्टर्स.'
- एखादी गोष्ट असल्याचं सांगणं: 'आमच्या गल्लीत एक विहीर आहे' – 'देअर इज अ वेल इन आवर लेन.'

सहावा कप्पा रिकामा ठेवा आणि त्यावर लिहा: 'रोजची सवय, इथे इज नाही.' 'दादा रोज शाळेत जातो' – 'दादा गोज टु स्कूल एव्हरी डे.' हा रिकामा कप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक मुलं तिथेच 'इज' घुसवतात.

रोज मराठीत दहा वाक्यं तोंडी सांगा. मुलाने फक्त कप्प्यावर बोट ठेवायचं, इंग्रजी बोलायचं नाही. चार दिवस असं झाल्यावर पाचव्या दिवशी बोटाबरोबर वाक्यही म्हणायचं. बोट आधी आणि तोंड नंतर, ही घाई न करण्याची जागा आहे.

सावध: 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नोइंग हिम' ही मोठ्यांच्या तोंडीही बसलेली चूक आहे. 'हॅव' (जवळ असणे), 'नो', 'लाइक', 'वाँट' या चार शब्दांना प्राथमिकमध्ये आयएनजी लावायचं नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

तपासा: 'मला भूक लागली आहे' हे वाक्य द्या. 'आय ॲम हंग्री' आलं म्हणजे मूल कप्पा ओळखून बोलतंय. 'आय हॅव हंग्री' आलं तर पहिल्या कप्प्यातली आणखी वाक्यं घ्या: थर्स्टी, टायर्ड, स्लीपी, अँग्री.

## टप्पा ३: ही, शी, इट आणि आदराचं अनेकवचन

मराठीत वही 'ती' असते आणि पेन 'तो' किंवा 'ते' असतं. म्हणून मूल वहीला 'शी' म्हणतं. उपाय सोपा आहे. घरातल्या वीस वस्तूंकडे बोट दाखवत भराभर 'इट, इट, इट' म्हणवून घ्या आणि मधेच ताईकडे बोट दाखवा. तेलुगू बोलणाऱ्या घरांत चूक जरा वेगळी पडते. त्या भाषेत एकवचनी स्त्री आणि वस्तू यांचं क्रियापद सारखंच असतं, त्यामुळे 'शी' च्या जागी 'इट' येतं. अशा मुलांना आई, आजी, बाई यांच्याबद्दलची वाक्यं जास्त द्या.

दुसरी चूक आपल्या आदरातून येते. 'सर आले आहेत' म्हणायची सवय असल्याने 'सर आर कमिंग', 'माय ग्रँडफादर आर ओल्ड' असं निघतं. इंग्रजीत माणूस एक असेल तर तो कितीही मोठा असला तरी 'इज' च. यात अनादर नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. काही मुलांना 'आजोबा इज' म्हणायला खरोखर जड जातं.

## टप्पा ४: अ, ॲन, द आणि अनेकवचन

१. आधी मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तू वेगळ्या करा. स्वयंपाकघरातूनच दोन ढीग: 'अ बनाना, अ स्पून, ॲन अनियन' एका बाजूला आणि 'राइस, वॉटर, ऑइल, सॉल्ट' दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगाला 'अ' ही नाही आणि अनेकवचनाचा एसही नाही.

२. 'अ' की 'ॲन' हे कानाने ठरवा. 'स्वराचं अक्षर आलं की ॲन' हा अर्धा नियम मुलांना हमखास चुकवतो. 'युनिफॉर्म' चं पहिलं अक्षर यू असलं तरी उच्चार 'यु' आहे, म्हणून 'अ युनिफॉर्म'. 'अवर' लिहिताना एच येतो पण तो बोलला जात नाही, म्हणून 'ॲन अवर'.

३. 'द' साठी एकच प्रश्न विचारा: ऐकणाऱ्याला कुठली वस्तू ते कळलंय का? 'आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज ब्लॅक.' पहिल्यांदा 'अ', पुन्हा उल्लेख आला की 'द'. प्राथमिकला इतकं बस्स.

४. अनेकवचनाचा एस तीन प्रकारे बोलला जातो: 'कॅट्स' मध्ये स, 'डॉग्ज' मध्ये ज, 'बसेस' मध्ये एक जादा तुकडा. शब्द एस, एक्स, सीएच, एसएच यांनी संपला तर बहुतेक वेळा ईएस लिहायचं: बसेस, बॉक्सेस, बेंचेस, ब्रशेस. शेवटी वाय असून त्याआधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आयईएस येतं: 'बेबी' चं 'बेबीज'. आधी स्वर असेल तर नुसता एस: 'बॉइज'.

५. वेगळी रूपं एकत्र करून म्हणा: मॅन–मेन, वुमन–विमेन, फूट–फीट, टूथ–टीथ, चाइल्ड–चिल्ड्रेन, माउस–माइस, शीप–शीप.

सावध: 'हेअर्स', 'होमवर्क्स', 'फर्निचर्स'. आपण 'केस काळे आहेत' म्हणतो म्हणून 'माय हेअर्स आर ब्लॅक' निघतं. बरोबर वाक्य: 'माय हेअर इज ब्लॅक.'

तपासा: 'सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज असतात' हे इंग्रजीत सांगायला लावा. 'देअर आर सेव्हन नंदीध्वज इन द यात्रा.' 'आर' आलं का आणि 'द' आलं का, दोन्ही बघा.

## टप्पा ५: क्रियापद, फक्त चार काळ

बारा काळांचा तक्ता भिंतीवरून काढून ठेवा. पाचवीपर्यंत साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत आणि साधा भविष्य एवढे पक्के झाले तर मुलाला पानभर निबंध लिहिता येतो. चालू वर्तमान टप्पा २ मध्ये झालाच आहे.

साधा वर्तमान. 'आय, यू, वी, दे' बरोबर नुसतं क्रियापद. 'ही, शी, इट' बरोबर एस. मुलं नेमका उलटा विचार करतात: अनेकवचनाला एस लागतो, मग 'दे गोज' बरोबर असणार! नामाचा एस आणि क्रियापदाचा एस वेगळे आहेत, हे रंगांनी दाखवा. निळ्या कार्डावरचा एस निळा, लाल कार्डावरचा एस लाल. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. एस एका वेळी बहुधा एकाच कार्डावर दिसतो.

साधा भूत. ईडी लागणारी रूपं वाचताना 'वॉकेड', 'जंपेड' असं वाचायची सवय पहिल्याच दिवशी तोडा. उच्चार 'वॉक्ट', 'जंप्ट', 'प्लेड' असा आहे. क्रियापद टी किंवा डीच्या आवाजाने संपत असेल तरच जादा तुकडा बोलला जातो: 'वाँटेड', 'नीडेड'.

वेगळी रूपं वर्णानुक्रमे पाठ करून घेऊ नका. आवाजाच्या गटांनी घ्या, आठवड्याला पाच:

- न बदलणारी: कट, पुट, हिट, शट, हर्ट
- मधला स्वर बदलणारी: सिंग–सँग, ड्रिंक–ड्रँक, स्विम–स्वॅम, रिंग–रँग, रन–रॅन
- 'ऑट' वाली: ब्रिंग–ब्रॉट, बाय–बॉट, थिंक–थॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट
- रोज लागणारी: गो–वेंट, ईट–एट, सी–सॉ, कम–केम, गिव्ह–गेव्ह

नकार आणि प्रश्न. 'डिड यू वेंट?', 'शी डझंट गोज' ही चूक वर्षानुवर्षं टिकते, कारण नियम सांगितला जातो पण दाखवला जात नाही. दाखवायचा असा. लाल पेनाने 'वेंट' चं कार्ड करा. त्याच्या मागच्या बाजूला 'डिड + गो' लिहा. 'गोज' च्या मागे 'डझ + गो'. 'गो' च्या मागे 'डू + गो'. आता 'यू वेंट टु द मार्केट' हे वाक्य कार्डांनी मांडा. प्रश्न करायचा म्हणजे लाल कार्ड पालथं करायचं. मागे दोन शब्द निघतात. त्यातला 'डिड' सुट्या कार्डावर लिहून वाक्याच्या पुढे ठेवा, 'गो' जागच्या जागी राहू द्या: 'डिड यू गो टु द मार्केट?' भूतकाळ 'डिड' घेऊन पुढे गेला, मागे उरलेलं क्रियापद मूळ रूपात आलं, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. नकारात 'डिड' जागच्या जागी ठेवून मधे 'नॉट': 'यू डिड नॉट गो.' दहा-बारा क्रियापदांची अशी दुहेरी कार्डं केलीत तर हा भाग दोन आठवड्यांत बसतो.

'ॲम, इज, आर, वॉज, वेअर' यांची कार्डं पालथी होत नाहीत. ती नुसती कर्त्याच्या आधी सरकतात: 'यू आर हॅपी' – 'आर यू हॅपी?' 'डू यू आर हॅपी?' आलं तर दोन्ही प्रकारची कार्डं शेजारी मांडून पुन्हा करा.

'व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हाउ' हे शब्द तयार प्रश्नाच्या पुढे चिकटवायचे. आधी 'आर यू गोइंग?', मग 'व्हेअर आर यू गोइंग?' मराठीत 'तू कुठे जातोस?' म्हणताना शब्दांची जागा बदलत नाही, म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग?' येतं. हो-नाहीचा प्रश्न आधी पक्का झाला तर ही चूक फार कमी होते.

तपासा: रात्री जेवताना मुलाने घरच्यांना दिवसाबद्दल पाच प्रश्न इंग्रजीत विचारायचे. उत्तरं मराठीत दिली तरी चालेल. पाचपैकी चार प्रश्नांची रचना बरोबर आली की टप्पा झाला.

## टप्पा ६: इन, ऑन, ॲट आणि तुलना

एक डबा आणि एक रबर घ्या. रबर आत, वर, खाली, मागे, शेजारी ठेवत 'इन, ऑन, अंडर, बिहाइंड, निअर' म्हणवून घ्या. वेळेसाठी तीन मापं: ठरावीक वाजताना 'ॲट' (ॲट सेव्हन), वाराला 'ऑन' (ऑन संडे), महिन्याला आणि वर्षाला 'इन' (इन जून). जागेसाठी शहराला 'इन सोलापूर', नेमक्या ठिकाणाला 'ॲट सात रस्ता'. 'बसमध्ये' असं आपण म्हणत असलो तरी इंग्रजीत 'ऑन द बस', पण रिक्षाला 'इन द रिक्षा'.

तुलनेची रूपं एका आठवड्यात होतात: 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट', लांब शब्दाला 'मोअर ब्युटिफुल'. 'मोअर टॉलर' ही एकच चूक टाळायची. पुढचा टप्पा विशेषणांवरच उभा आहे, म्हणून मुलाला निदान वीस विशेषणं तोंडपाठ हवीत.

## टप्पा ७: सिमिली, म्हणजे उपमा

मुलाला मराठीत उपमा आधीच येते. 'बर्फासारखं थंड' हे कोणतंही मूल म्हणतं. अडचण तेव्हा होते जेव्हा 'ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन' सारखी वीस वाक्यं पाठ करून घेतली जातात आणि परीक्षेत स्वतःचं एक लिहायला सांगितलं की पान कोरं राहतं. असं करा:

१. तीन रकाने आखा: कशाबद्दल, कोणता गुण, तो गुण कशात ठसठशीत आहे.

२. भरायला घराबाहेर पाहा. मे महिन्यातला रस्ता – हॉट – तवा. कडक भाकरी – थिन – पेपर. हिवाळ्यात पांघरलेली चादर – वॉर्म – आजीची मांडी.

३. आता साच्यात घाला: 'द रोड इज ॲज हॉट ॲज अ तवा.' 'द भाकरी इज ॲज थिन ॲज पेपर.' 'माय चादर इज ॲज वॉर्म ॲज माय आजीज लॅप.'

४. मग 'लाइक' चा साचा, क्रियापदाबरोबर: 'ही रन्स लाइक अ डिअर.' 'शी सिंग्ज लाइक अ बर्ड.'

तिसरा रकाना भरताना घाई होऊ देऊ नका. तिथली वस्तू त्या गुणासाठी सगळ्यांना माहीत असायला हवी. 'द तवा इज ॲज हॉट ॲज अ रोड' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण उपमा म्हणून पडतं, कारण रस्त्यापेक्षा तवाच जास्त तापतो. अशा वाक्यावर काट मारू नका. 'दोन्हींतलं जास्त गरम काय?' एवढंच विचारा, मूल स्वतः उलटवतं.

स्वतःची दहा उपमावाक्यं झाल्यावरच रूढ उपमांची यादी घ्या: 'ॲज बिझी ॲज अ बी', 'ॲज लाइट ॲज अ फेदर', 'ॲज प्राउड ॲज अ पीकॉक', 'ॲज गुड ॲज गोल्ड', 'ॲज कूल ॲज अ क्युकंबर'. शेवटचं काकडीच्या थंडपणाबद्दल नसून गडबडीतही शांत राहणाऱ्या माणसाबद्दल आहे, हे सांगायला विसरू नका.

सावध: 'लाइक' दिसलं की उपमा, असं मूल धरून चालतं. 'आय लाइक माय सिस्टर' मध्ये 'लाइक' म्हणजे आवडणं. 'माय शर्ट इज लाइक युवर शर्ट' यातही उपमा नाही, शर्टाची तुलना शर्टाशीच आहे. उपमेत दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या लागतात.

## टप्पा ८: मेटाफर, म्हणजे रूपक

उपमा पक्की झाल्यावर दोन आठवडे थांबून मगच हे घ्या. लगोलग घेतलं तर मूल दोन्ही नावांची अदलाबदल करत राहतं. कृती छोटी आहे: तयार उपमेतून 'लाइक' किंवा 'ॲज... ॲज' काढून टाका. 'इन मे, सोलापूर इज लाइक ॲन अव्हन' – 'इन मे, सोलापूर इज ॲन अव्हन.'

ओळखायची कसोटी एकच: हे शब्दशः खरं असू शकतं का? 'माय अंकल इज अ डॉक्टर' खरं असू शकतं, म्हणून रूपक नाही. 'माय अंकल इज अ लायन' खरं असू शकत नाही, म्हणून रूपक. 'इज' असलेलं प्रत्येक वाक्य मेटाफर म्हणून अधोरेखित करणाऱ्या मुलाला ही कसोटी दहा वाक्यांवर लावायला द्या.

## टप्पा ९: पर्सनिफिकेशन, म्हणजे चेतनगुणोक्ती

माणसाची दहा क्रियापदं कार्डांवर लिहा: लाफ, क्राय, डान्स, सिंग, व्हिस्पर, कंप्लेन, स्माइल, स्नोअर, वेव्ह, बेग. दुसऱ्या ढिगात निर्जीव वस्तू: विंड, सन, डोअर, फॅन, लूम, लेक. दोन्हींतून एकेक कार्ड ओढून वाक्य: 'द ओल्ड फॅन कंप्लेन्स ऑल नाइट.' 'द लूम सिंग्ज अँड द थ्रेड्स डान्स.' ज्या गल्लीत यंत्रमागाचा आवाज येतो तिथल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ओढलेली प्रत्येक जोडी जुळेलच असं नाही. 'द लेक स्नोअर्स' का पटत नाही आणि 'द लेक स्माइल्स' का पटतं, यावर मुलाला मराठीत बोलू द्या. अलंकाराची समज इथे वाढते, पाठांतरात नव्हे.

सावध: 'द ट्रेन केम' किंवा 'द डॉग रॅन' यांत चेतनगुणोक्ती नाही. गाडी खरोखर येते, कुत्रा खरोखर धावतो.

## टप्पा १०: आवाजाचे अलंकार

अलिटरेशन म्हणजे अनुप्रास. तो आवाजाचा असतो, अक्षराचा नाही. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी ने सुरू होतात, पण आवाज वेगळे, म्हणून अनुप्रास होत नाही. 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरं वेगळी, आवाज एक, म्हणून होतो. मुलाच्या नावाच्या पहिल्या आवाजाने वाक्य करायला सांगा: 'मीना मेट मेनी मंकीज.'

ओनोमटोपिया म्हणजे ध्वनिअनुकारी शब्द. मराठीत टपटप, खडखड, किलबिल. इंग्रजीत 'पिटर-पॅटर', 'क्लॅटर', 'चर्प'. कोंबडा आपल्याकडे कुकूच कू करतो, इंग्रजीत 'कॉक-अ-डूडल-डू'. दोन्ही भाषांच्या आवाजांची समोरासमोर यादी केली तर मुलं ती स्वतःहून वाढवत नेतात.

## टप्पा ११: हायपर्बोली आणि इडियम

हायपर्बोली म्हणजे अतिशयोक्ती. उच्चार 'हायपरबोल' असा करू नका. 'आय हॅव टोल्ड यू अ मिलियन टाइम्स', 'द होल वर्ल्ड वॉज ॲट द गड्डा यात्रा' (म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा) अशी दोन-तीन वाक्यं करून घेतली की काम झालं.

इडियम म्हणजे वाक्प्रचार. ते शेवटी ठेवायचं कारण असं की त्यांचा अर्थ सुट्या शब्दांतून लागत नाही. 'डोळ्यांत तेल घालून जागणे' चं शब्दशः इंग्रजी केलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही, आणि 'अंडर द वेदर' (तब्येत बरी नसणं) चं शब्दशः मराठी केलं तर आपल्याला. आठवड्याला दोनच घ्या आणि प्रत्येकाला एक प्रसंग जोडा: 'अ पीस ऑफ केक' म्हणजे हातचा मळ, सोपी बेरीज सुटली की म्हणायचं. 'ऑल इअर्स' म्हणजे कान टवकारून ऐकणं, गोष्ट सुरू होताना म्हणायचं. 'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत, गृहपाठ राहिला की म्हणायचं. 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' सारखे दोन्ही भाषांत जुळणारे वाक्प्रचार आधी घेऊ नका. सगळेच असे जुळतात, असा समज होतो.

## चुका कशा दुरुस्त कराव्यात

मूल बोलत असताना अडवू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या आणि तेच बरोबर करून सहज म्हणा. ते म्हणालं 'ही गो टु मार्केट', तर तुम्ही 'हो का, ही गोज टु द मार्केट. मग?' असं म्हणून पुढे जा. लिखाणात एका दिवशी एकाच प्रकारची चूक पकडा. त्या दिवशी क्रियापदाचा एस पाहायचा ठरला असेल तर स्पेलिंग चुकलं तरी सोडून द्या. लाल शाईने भरलेलं पान मुलाला काहीच सांगत नाही.

चुकांच्या वहीत डावीकडे मुलाचं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य, खाली टप्प्याचा क्रमांक. शनिवारी उजवी बाजू झाकून मुलाकडून पुन्हा म्हणवून घ्या. एकाच टप्प्याचा क्रमांक आठवड्यात चारपेक्षा जास्त वेळा दिसला, तर पुढचा टप्पा थांबवून मागे जा.

घरात कोणालाच इंग्रजी येत नसेल, तर बरोबर-चूक ठरवायला पाठ्यपुस्तकातलं तयार वाक्य शेजारी ठेवा आणि रंगांचा क्रम जुळतो का तेवढं पाहा: निळा, लाल, निळा. पाचवीतल्या ताईने दुसरीतल्या भावाचं तपासलं तर दोघांचाही अभ्यास होतो.

शाळेची चाचणी आली की आठवडाभर नवीन काही घेऊ नका. शाळा व्याख्या विचारत असेल तर ती याच आठवड्यात पाठ करून घ्या. उदाहरणं हाताशी असल्याने व्याख्या एका बैठकीत बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी आठच्या आतच बसवा, दुपारी पत्र्याखाली मूल लक्ष देऊ शकत नाही. सुट्टीत रोज दहा मिनिटं पुरतात: पाच मिनिटं पालथ्या कार्डांचे प्रश्न, पाच मिनिटं मागच्या इयत्तेच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर टप्पा २ च्या पुठ्ठ्यापासून पुन्हा तपासणी घ्या आणि जिथे बोट अडखळेल तिथून पुढे चालू करा.